गुणाढ्य

गुणाढ्य हा 'बृहत्कथा' (पैशाची भाषेतील नाव : 'बड्डकहा') या प्राचीन भारतीय कथासंग्रहाचा कर्ता मानला जातो. काश्मिरी परंपरेनुसार तो प्रतिष्ठान प्रदेशात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठणच्या परिसरात जन्मला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. ज्या पैशाची भाषेत तो लिहिला गेला, त्या भाषेतील दुसरे कोणतेही साहित्य शिल्लक नाही. तरीही उदयन-वासवदत्ता आणि नरवाहनदत्त यांच्या कथांपासून वेताळाच्या पंचवीस कथांपर्यंत भारतीय कथासाहित्याचा फार मोठा भाग गुणाढ्याच्या नावाशी जोडलेला आहे. भूतपिशाचांच्या कथांच्या भारतीय परंपरेत त्याचे स्थान विशेष आहे, कारण त्याची भाषा भुतांची, त्याला कथा सांगणारा पिशाच आणि त्याच्या लेखनाची शाई म्हणजे त्याचे स्वतःचे रक्त, असे परंपरा सांगते.

चरित्राची साधने

गुणाढ्याचे स्वतंत्र असे प्राचीन चरित्र नाही. त्याच्याविषयी जे सांगितले जाते ते प्रामुख्याने अकराव्या शतकातील दोन काश्मिरी संस्कृत ग्रंथांत आढळते : क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' आणि सोमदेवाचा 'कथासरित्सागर'. दोन्ही ग्रंथांचा आरंभ 'कथापीठ' नावाच्या भागाने होतो आणि त्यात ही कथा पृथ्वीवर कशी आली हे सांगताना गुणाढ्याचा जन्म, उत्कर्ष, पराभव आणि अंत वर्णिलेला आहे. म्हणजे ग्रंथकार हा आपल्याच ग्रंथातील एक पात्र आहे. या चरित्रात कोठे इतिहास संपतो आणि कोठे कथा सुरू होते, याची रेषा आखणे कठीण आहे. पुढील वृत्तांत मुख्यतः सोमदेवाला अनुसरून दिला आहे.

जन्मकथा

एकदा पार्वतीने शंकराकडे कोणीही न ऐकलेली कथा सांगण्याचा हट्ट धरला. शंकराने दार बंद करून सात विद्याधर चक्रवर्तींची कथा सांगितली. पुष्पदंत नावाच्या गणाने योगसामर्थ्याने अदृश्य होऊन ती चोरून ऐकली आणि घरी जाऊन पत्नी जया हिला सांगितली. जयेने ती पार्वतीलाच ऐकवली. संतापलेल्या पार्वतीने पुष्पदंताला मर्त्यलोकी जन्म घेण्याचा शाप दिला. त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवान या गणालाही तोच शाप मिळाला. उःशाप असा होता : सुप्रतीक नावाचा एक यक्ष कुबेराच्या शापाने विंध्यारण्यात काणभूती नावाचा पिशाच होऊन राहिला आहे, पुष्पदंताने त्याला ही कथा सांगितली की पुष्पदंत मुक्त होईल, काणभूतीने ती माल्यवानाला सांगितली की काणभूती सुटेल आणि माल्यवानाने ती जगात प्रसिद्ध केली की तोही शापमुक्त होईल. पुष्पदंत कौशांबीत वररुची म्हणून जन्मला. माल्यवान म्हणजेच गुणाढ्य.

प्रतिष्ठान प्रदेशातील सुप्रतिष्ठित नावाच्या नगरात सोमशर्मा नावाचा ब्राह्मण राहत होता. त्याला वत्स व गुल्मक हे दोन मुलगे आणि श्रुतार्था ही मुलगी होती. आईवडिलांच्या मृत्यूनंतर श्रुतार्थेला दिवस गेल्याचे भावांच्या लक्षात आले आणि ते एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. तेव्हा तिने वासुकी नागाचा पुतण्या कीर्तिसेन याच्याशी आपला गांधर्वविवाह झाल्याचे सांगितले, आणि त्या नागकुमाराने स्वतः प्रकट होऊन ते खरे असल्याची खूण पटवली. या संबंधातून गुणाढ्याचा जन्म झाला. लवकरच आई आणि दोन्ही मामा वारले. पोरका मुलगा विद्येसाठी दक्षिणापथात गेला, तेथे नाव मिळवून शिष्यांसह परतला आणि सातवाहनाच्या सभेत मंत्री झाला.

राजसभेतील पैज

सोमदेवाने सांगितलेली सातवाहन राजाची कथाही अद्भुत आहे. दीपकर्णी राजाला अरण्यात सिंहावर बसलेला एक बालक सापडला. तो सिंह म्हणजे शापित सात नावाचा यक्ष होता. 'सात' हे ज्याचे वाहन तो सातवाहन, अशी व्युत्पत्ती सोमदेव देतो. ती भाषाशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य नाही.

वसंतऋतूत राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असताना थकलेल्या एका राणीने अंगावर पाणी उडवू नका, अशी संस्कृतात विनंती केली. 'मा' आणि 'उदकैः' या दोन शब्दांचा संधी होऊन 'मोदकैः' असा शब्द तयार झाला. राजाला संधी कळला नाही. त्याने ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली, दासी हसल्या. अपमानित राजाने अन्नपाणी आणि बोलणे सोडले व अंथरूण धरले.

दुसऱ्या दिवशी गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे दोन मंत्री राजाकडे गेले. राजाला बोलते कसे करावे हा प्रश्न शर्ववर्म्याने मोठ्या चतुराईने सोडवला. आपल्याला रात्री स्वप्न पडल्याचे त्याने सांगितले : आकाशातून एक कमळ पडले, एका दिव्य कुमाराने ते उमलवले, त्यातून शुभ्रवस्त्रा स्त्री निघाली आणि राजाच्या मुखात शिरली, ती सरस्वती असावी. स्वप्न ऐकून राजाने मौन सोडले आणि व्याकरण शिकायला किती काळ लागेल असे विचारले. गुणाढ्याने प्रामाणिक उत्तर दिले : इतरांना बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला की आपण सहा महिन्यांत शिकवू. चिडलेल्या गुणाढ्याने प्रतिज्ञा केली की असे घडल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करू. न जमल्यास बारा वर्षे गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहण्याचे शर्ववर्म्याने कबूल केले.

शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना केली. देव प्रसन्न होऊन स्वतः व्याकरण सांगू लागला. पहिले सूत्र संपताच शर्ववर्म्याने उतावळेपणाने पुढचे सूत्र आपणच उच्चारले. मध्ये बोलला नसतास तर हे व्याकरण पाणिनीलाही मागे टाकणारे झाले असते, आता ते लहानच राहील, असे देवाने त्याला सांगितले. यावरून त्याचे नाव 'कातंत्र', म्हणजे छोटे तंत्र, पडले. ही कथा असली तरी कातंत्र व्याकरण काल्पनिक नाही. शर्ववर्म्याच्या नावावर असलेला हा सुटसुटीत ग्रंथ काश्मीर व बंगालमध्ये शतकानुशतके शिकवला जात होता, त्याची तिबेटी भाषांतरे झाली आणि मध्य आशियातही त्याचे हस्तलिखित तुकडे सापडले आहेत. सहा महिन्यांत राजा संस्कृत शिकला. पैजेतील जेत्याचे पुस्तक टिकले आणि हरलेल्याचे नाहीसे झाले.

विंध्यारण्यात

तिन्ही भाषा सोडलेला माणूस राजसभेत मुकाच. गुणाढ्य मौन धरून गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांसह नगर सोडून निघाला. विंध्यवासिनीच्या दर्शनाला गेला असता देवीने स्वप्नात येऊन त्याला काणभूतीकडे जाण्याची आज्ञा केली. या चरित्राला आतापर्यंत दोन स्वप्नांनी वळण दिले आहे. पहिले शर्ववर्म्याने सांगितलेले, दरबारात लाभ मिळवून देणारे. दुसरे गुणाढ्याला माणसांच्या वस्तीतून पिशाचांच्या रानात नेणारे. 'कथासरित्सागरा'त अन्यत्र स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत : जसे दिसले तसेच घडणारे, दिसते त्याहून वेगळा अर्थ असणारे आणि अर्थहीन. या ग्रंथात स्वप्न हे कथेचा पुढचा दरवाजा उघडणारे साधन म्हणून वारंवार येते.

अरण्यात पिशाचांचे आपसातील बोलणे ऐकत ऐकत गुणाढ्य त्यांची भाषा शिकला. तिने त्याची प्रतिज्ञा मोडत नव्हती, कारण ती सोडलेल्या तिन्हींपैकी कोणतीही नव्हती. या चौथ्या भाषेतच त्याचे मौन सुटले. काणभूतीने आपल्या भाषेत त्याला महाकथा सांगितली आणि गुणाढ्याने सात वर्षांत सात लक्ष श्लोकांत ती लिहून काढली. अरण्यात शाई नव्हती, शिवाय विद्याधरांनी ग्रंथ चोरून नेऊ नये अशीही इच्छा होती. म्हणून त्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. ऐकायला सिद्ध व विद्याधरांची इतकी गर्दी झाली की आकाशात छत धरल्यासारखे झाले.

सात वर्षांत सात लक्ष म्हणजे रोज सुमारे पावणेतीनशे श्लोक होतात. हा आकडा हिशेबाचा नसून मोठेपणा दाखवणारा आहे. महाभारताची परंपरागत श्लोकसंख्या एक लक्ष मानली जाते, हे लक्षात घेतले तर आकड्याचा रोख कळतो : गुणाढ्याने सात महाभारते लिहिली आणि त्यांतील एक वाचले.

ग्रंथाचे दहन

शिष्यांनी ग्रंथ सातवाहनाला अर्पण करावा असे सुचवले. गुणाढ्य प्रतिष्ठान नगराबाहेरच्या उद्यानात थांबला आणि शिष्य पोथी घेऊन दरबारात गेले. रानात राहून स्वतःच पिशाचांसारखे दिसू लागलेल्या त्या दोघांना पाहून, नुकताच विद्वान झालेल्या राजाने नाक मुरडले. ग्रंथ सात लक्ष श्लोकांचा, भाषा नीरस पैशाची आणि अक्षरे रक्ताची, अशी तीन कारणे देऊन त्याने पोथी परत केली.

गुणाढ्य जवळच्या एका टेकडीवर गेला. त्याने अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान वाचून ते आगीत टाकू लागला. शिष्य रडत पाहत होते. ऐकायला माणसे नव्हती. हरणे, रानडुकरे, रेडे आणि पक्षी कडे करून उभे राहिले. ते चरायचे विसरले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शिष्यांना विशेष प्रिय असलेला, नरवाहनदत्ताच्या चरित्राचा एक लक्ष श्लोकांचा भाग तेवढा त्याने बाजूला ठेवला.

इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी सुके, निःसत्त्व मांस खाल्ल्याने आजार झाल्याचे निदान केले. आचाऱ्यांनी व्याधांकडे बोट दाखवले आणि व्याधांनी सांगितले की डोंगरावर कोणी ब्राह्मण पान पान वाचून जाळीत आहे, रानातील सर्व प्राणी अन्न सोडून तेथे उभे आहेत, त्यामुळे त्यांच्या अंगावर मांसच उरलेले नाही. राजा कुतूहलाने गेला, जटा वाढलेल्या गुणाढ्याला ओळखले, त्याच्यापुढे वाकला आणि कथा मागितली. तोपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लक्ष राजाच्या हाती देऊन गुणाढ्याने योगमार्गाने देह सोडला. शिष्यांच्या मदतीने राजाने ग्रंथाच्या उत्पत्तीची हकीकत सांगणारे 'कथापीठ' त्याच भाषेत रचले.

दरबारातील शिष्टांना जे कळले नाही ते मुक्या प्राण्यांना कळले, अशी या प्रसंगाची मांडणी आहे. पैठणच्याच परिसरात पुढे ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची आख्यायिका रूढ झाली. दोन्ही कथांचा परस्परसंबंध दाखवता येत नाही, परंतु विद्वत्सभा आणि जनावर यांना समोरासमोर उभे करण्याची कल्पना एकाच नगरीच्या आठवणीत दोनदा यावी, हे लक्षणीय आहे. महानुभावांचा मराठीचा आग्रह आणि एकनाथांचे मराठी भागवत यांचीही या भूमीच्या संदर्भात आठवण होते.

पैशाची भाषा

पैशाचीला भूतभाषा असेही म्हणत. दंडीने 'काव्यादर्शा'त बृहत्कथेचा उल्लेख त्याच नावाने केला आहे. वररुचीचा 'प्राकृतप्रकाश' आणि हेमचंद्राचे व्याकरण यांत तिचे नियम दिलेले आहेत. त्यांतील ठळक नियम असा की मृदू व्यंजनांच्या जागी कठोर व्यंजने येतात : 'गगन'चे 'गकन', 'मेघ'चे 'मेख', 'दामोदर'चे 'तामोतर' होते. 'ण'ऐवजी 'न' येतो. अशी काही उदाहरणे आणि तुरळक वाक्ये यांपलीकडे ही भाषा उरलेली नाही.

ही खरोखर कोणाची बोली होती याविषयी मतभेद आहेत. ग्रियर्सनने ती वायव्य भारतातील मानली, तर स्टेन कोनो याने तिचे स्थान विंध्य परिसरात ठरवले. पालीशी तिचे साम्य असल्याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. 'पिशाच' हे नाव नगरांतील सुशिक्षितांनी रानातल्या किंवा सीमेवरच्या लोकांना दिलेले असावे, हा तर्क पटण्यासारखा आहे. तसे असेल तर गुणाढ्य भुतांकडे गेला नव्हता, ज्यांना भुते म्हटले जाई त्या माणसांकडे गेला होता आणि त्यांच्या कथा त्यांच्याच बोलीत लिहून परत आला होता. मात्र याला पुरावा नाही.

काळ व ऐतिहासिकता

सुबंधू, बाणभट्ट आणि दंडी यांनी बृहत्कथेचा उल्लेख केलेला असल्याने ती सहाव्या-सातव्या शतकापूर्वीची आहे, हे निश्चित. कर्नाटकातील गंग राजा दुर्विनीत याने तिचे संस्कृत रूपांतर केल्याचा उल्लेख ताम्रपटात आहे; तो राजा सहाव्या शतकातला मानला जातो. कंबोडियातील सुमारे नवव्या शतकाच्या एका संस्कृत शिलालेखातही गुणाढ्याचे नाव आले आहे. बाराव्या शतकात गोवर्धनाचार्याने 'आर्यासप्तशती'त वाल्मीकी आणि व्यास यांच्या पंक्तीत त्याला बसवले. सातवाहनांशी असलेला संबंध खरा मानणारे अभ्यासक त्याला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत ठेवतात. इतर काही त्याला त्यानंतरचा मानतात.

स्थळाविषयीही एकमत नाही. 'नेपालमाहात्म्या'त गुणाढ्य मथुरेत जन्मलेला आणि उज्जयिनीच्या मदन राजाच्या आश्रयाला असलेला आहे. बृहत्कथेचा नायक नरवाहनदत्त हा कौशांबीच्या उदयनाचा पुत्र; कथेचा भूगोल उत्तरेकडचा आहे. फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत याने १९०८ मध्ये गुणाढ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने काश्मिरी परंपरेवर शंका घेऊन गुणाढ्याला उत्तरेकडे नेले.

पैठणच्या बाजूने सांगण्यासारखे काही आहे. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथ 'पेरिप्लस' भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणच्या व्यापाराचा उल्लेख करतो, आणि टॉलेमी ते पुळुमावीची राजधानी म्हणून नोंदवतो. अशा व्यापारी नगरात दूरदूरच्या कथा येऊन पडणे स्वाभाविक होते. शिवाय सातवाहनांचे नाणेघाटासारखे महत्त्वाचे लेख प्राकृतात आहेत, 'गाथासप्तशती' हा प्राकृत मुक्तकांचा संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे, आणि राजशेखराने एका सातवाहनाच्या अंतःपुरात केवळ प्राकृत बोलण्याचा नियम असल्याचे लिहिले आहे. संस्कृत न येणारा सातवाहन ही कल्पना म्हणूनच अगदी निराधार वाटत नाही. तरी या गोष्टी संभाव्यता वाढवतात, सिद्धता देत नाहीत. पैठणला गुणाढ्याचे जन्मस्थान म्हणताना परंपरेनुसार हा शब्द जोडणे आवश्यक आहे.

बृहत्कथेची रूपांतरे

दुर्विनीताचे भाषांतर नष्ट झाले. कोंगुवेळिर याचे तमिळ 'पेरुंगदै' अपूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे. संघदासगणीची 'वसुदेवहिंडी' ही जैन महाराष्ट्रीतील कृती बृहत्कथेचेच एक जैन रूप असल्याचे १९३० च्या दशकात लुडविग आल्सडॉर्फ याने दाखवले. नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' २८ सर्गांनंतर तुटतो. मात्र त्यातील व्यापारी, जुगारी, गणिका आणि कारागीर यांचे सजीव चित्रण पाहून तो मूळ ग्रंथाच्या स्वभावाला अधिक जवळचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

सर्वांत प्रसिद्ध रूपांतर सोमदेवाचे. काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी त्याने १०६३ ते १०८१ या दरम्यान 'कथासरित्सागर' लिहिला. १८ लंबक, १२४ तरंग आणि २१ हजारांहून अधिक श्लोक असा त्याचा विस्तार आहे. त्या काळी काश्मीरच्या राजघराण्यात बापलेकांचे वैर पेटलेले होते. अखेर अनंताने १०८१ मध्ये आत्महत्या केली आणि सूर्यमती सती गेली, असे कल्हणाच्या 'राजतरंगिणी'वरून कळते. या राणीपुढे सोमदेवाने श्मशाने, वेताळ आणि पुन्हा भेटणाऱ्या प्रियजनांच्या कथा मांडल्या. आपण मूळ ग्रंथाला सोडून गेलो नाही, फक्त संक्षेप आणि भाषा यांचा फरक केला, अशी ग्वाही त्याने दिली आहे. बुधस्वामीचा ग्रंथ सापडल्यापासून ती जशीच्या तशी स्वीकारली जात नाही. गुणाढ्याने प्रतिज्ञेने सोडलेल्या संस्कृतातूनच आज बृहत्कथा मुख्यत्वे कळते, हे या ग्रंथाचे दैव विचित्र आहे.

भयकथा आणि वेताळ

'कथासरित्सागरा'त अनेक प्रकारच्या कथा आहेत. त्यांतील श्मशानकथा विशेष प्रभावी आहेत. विजयदत्ताची कथा यांपैकी एक. काशीच्या वेशीवर मुक्कामाला असलेल्या गोविंदस्वामीच्या मुलाला, विजयदत्ताला, रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि तो विस्तव मागतो. जवळपास पेटलेली आग एकच, जळती चिता. बाप नाइलाजाने मुलाला तेथे नेतो. मुलगा कुतूहलाने जळत्या कवटीवर लाकूड मारतो, ती फुटते, आतील वसा त्याच्या तोंडात उडते आणि तो क्षणात कपालस्फोट नावाचा राक्षस होतो. आजारी लेकराला ऊब मिळावी म्हणून धडपडणाऱ्या बापाच्या डोळ्यांदेखत हे घडते. येथे भयाचे मूळ राक्षसात नाही, बापाच्या मायेत आहे.

वेताळाच्या पंचवीस कथा 'शशांकवती' नावाच्या लंबकात येतात. त्यांचा आरंभच गोदावरीतीरावरील प्रतिष्ठानात होतो, ही बाब मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. तेथील राजा त्रिविक्रमसेन याला क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज एक फळ आणून देई. एकदा माकडाने फळ फोडले आणि त्यातून रत्न पडले. मोबदला म्हणून भिक्षूने राजाला कृष्ण चतुर्दशीच्या रात्री श्मशानात बोलावले आणि दूरच्या शिंशपा (शिसव) वृक्षावर लटकणारे प्रेत आणण्यास सांगितले. प्रेतात वेताळ शिरलेला होता. खांद्यावरून जाताना तो एक कथा सांगे आणि शेवटी प्रश्न विचारी; उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. तीच वाट, तेच झाड, तेच ओझे. कितीही चालले तरी अंतर न सरणाऱ्या दुःस्वप्नाची ही बांधणी आहे आणि प्रत्येक कथा त्या दुःस्वप्नाचा एक फेरा आहे. राजाला त्यातून सोडवते ते ज्ञान नव्हे. बाप आणि मुलगा यांनी पावलांच्या ठशांवरून निवड करून अनुक्रमे मुलगी आणि तिची आई यांच्याशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर त्याला येत नाही. तो निरुत्तर होतो आणि वाट संपते. मग वेताळच त्याला सावध करतो की भिक्षू तुझा बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार कसा घालतात ते आधी दाखव, असे सांगून राजा वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवतो.

शेवटी वेताळ रक्षक ठरतो आणि भय माणसाकडून होते. महाराष्ट्र, कोकण व गोव्यातील वेताळाची उपासना पाहता हे अनपेक्षित नाही. शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपातील वेताळ हा अनेक गावांत भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार असा दोन्ही असतो. पुण्याची वेताळ टेकडी आणि गोव्यातील बेताळभाटी ही स्थलनामे त्याची खूण जपून आहेत.

या कथा गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात होत्या का, याविषयी मात्र गंभीर शंका आहे. बुधस्वामीच्या उपलब्ध ग्रंथात त्या नाहीत. शिवदास आणि जंभलदत्त यांच्या स्वतंत्र 'वेतालपंचविंशति' आहेत. म्हणून पंचतंत्रातील कथांप्रमाणे वेताळकथाही काश्मिरातील एखाद्या मधल्या संस्करणात समाविष्ट झाल्या असाव्यात, असे मत प्रबळ आहे. ते मान्य केले तरी, एका पिशाचाने सांगितलेल्या ग्रंथात प्रेताने सांगितलेल्या कथांना जागा मिळाली आणि त्या प्रतिष्ठानातच घडल्या, यामागे गुणाढ्याच्या आख्यायिकेची ओढ असणे शक्य आहे.

प्रभाव

भासाचे 'स्वप्नवासवदत्त', हर्षाची 'रत्नावली' व 'प्रियदर्शिका' ही नाटके उदयनकथेवर आधारलेली आहेत. धनंजयाने 'दशरूपका'त नाट्यकथानकांचा स्रोत म्हणून रामायणाबरोबर बृहत्कथेचे नाव घेतले. सी. एच. टॉनी याने केलेले 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतर एन. एम. पेंझरच्या विस्तृत टिपांसह १९२४ ते १९२८ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळकथांपैकी काही इंग्रजीत आणल्या होत्या. अदलाबदल झालेल्या मस्तकांच्या वेताळकथेवर थॉमस मान याने १९४० मध्ये जर्मन लघुकादंबरी लिहिली आणि त्याच कथासूत्रावर गिरीश कर्नाड यांचे 'हयवदन' हे नाटक उभे राहिले.

मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये, म्हणजे मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच प्रसिद्ध झाली. पुढे 'चांदोबा' मासिकातून विक्रम आणि वेताळ घरोघरी पोहोचले आणि १९८५ मध्ये रामानंद सागर यांच्या दूरदर्शन मालिकेने त्यांना चेहरे दिले. तोपर्यंत प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन लोकांच्या मनात उज्जयिनीचा विक्रमादित्य झालेला होता. गोदाकाठ कथेतून गळून पडला होता. पैठण आज ओळखले जाते ते एकनाथांची समाधी, पैठणी आणि जायकवाडीचा नाथसागर यांमुळे.